आक्कांच्या न्हाणीघरातला गिझर

मारुंजीतल्या आमच्या घरमालकीण आक्कांना एक गोष्ट अजिबात खपत नसे. भाडेकरूने गार पाण्याने अंघोळ करून कामाला जाणे. हिंजवडीला नेणारी कॅब बाहेर हॉर्न वाजवत असली, तरी त्या फाटकात आडव्या उभ्या राहायच्या. "हात बघू. गार हाय. चल माघारी," म्हणायच्या आणि खरोखरच माघारी पाठवायच्या. "गार पान्यानं अंगूळ केलेल्या मानसाचं दिवसभर डोकं तापतं," हे त्यांचं शास्त्र. त्यापुढे साहेबांची मीटिंग वगैरे काही चालायचं नाही.

परभणीहून आलेले मी आणि माझी बायको वैशाली त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. न्हाणीघर खाली अंगणात होतं, पत्र्याच्या दाराचं, त्यांचं आणि आमचं सामायिक. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांचा 'परभणीकर'. वैशाली मात्र पहिल्या दिवसापासून 'वैशे'. त्यांचे यजमान कधीच गेलेले, मुलगा चाकणला कंपनीत, बिऱ्हाडही तिकडेच. त्यामुळे आक्कांचा सगळा दिवस आमच्यावर लक्ष ठेवण्यात जायचा, आणि ते त्या लपवत नसत.

पहाटे उठून त्या तांब्याचा बंब पेटवायच्या. जळण म्हणजे कारखान्यांतल्या मोडक्या पॅलेटची लाकडं. मुलगा चाकणहून टेम्पोत टाकून पाठवायचा. बंब विझला की राखेत बसून त्या खिळे वेचायच्या आणि दगडावर ठोकून सरळ करायच्या. अंगणातली वाळत घालायची दोरी, कॅलेंडर, आमच्या खोलीतला आरसा, सगळं त्या खिळ्यांवर लटकत होतं.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी धूर बंद सांगितला. आक्का "व्हय व्हय" म्हणाल्या आणि चौथ्या दिवशी डोळ्यांवर ओला पदर धरून बंबापुढे बसल्या. डोळे लाल, पाणी गळतंय, तरी फुंकणी चालूच. मला ते बघवेना. विजेचा टाकीवाला गिझर लावावा, तर घराचं जुनं वायरिंग तेवढा भार सोसणारं नव्हतं. म्हणून मी गॅसचा गिझर सुचवला.

"टाकी न्हाई? मग ऊन पानी ठिवतो कुटं?" आक्कांनी विचारलं.

"ठेवतच नाही. नळ सोडला की त्याच क्षणी तापवतो."

"आन् धूर?"

"याला धूर नसतो, आक्का."

"आग हाय आन् धूर न्हाई? परभणीकर, मला येडी समजतूस व्हय?"

मी हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

ताथवड्याचा दत्ता प्लंबर आला. त्याने गिझर न्हाणीघराच्या आतच, बादलीच्या वर बसवला. बाहेर लावायचा तर पाइप जास्त लागतो, म्हणाला. मीही मान डोलावली. आक्का पहिल्या दिवशी नुसता नळ सोडत होत्या आणि बंद करत होत्या. "ह्यो तर शबूद खाली पडू देत न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात असं मानूस एक जन्मलं न्हाई." दुपारी बंब घासून पुसून त्यांनी आत नेऊन ठेवला.

पण धुराचं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. कुणीही अंघोळीला गेलं की त्या पायरीवर लसूण सोलत बसायच्या आणि मध्येच हाक मारायच्या. "वैशे, हायस का?" आतून 'ओ' यायला हवी. नाही आली तर पुन्हा हाक. वैशाली वैतागली. तिचं म्हणणं, अंघोळीलाही हजेरी द्यायची म्हणजे काय! शेवटी मीच एकदा आक्कांना म्हणालो, "आक्का, हाका नका मारू. तिला अवघडल्यासारखं होतं."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. हाका थांबल्या. पायरीवर बसणं थांबलं नाही.

थंडी वाढली. न्हाणीघराच्या झरोक्यातून वारा यायचा, म्हणून एका रविवारी मी तिथे पुठ्ठा ठोकून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली केस धुवायला खाली गेली. मी वर हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर होतो. मध्येच खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. कॉल तसाच टाकून मी धावलो.

दार एका बिजागरीवर लोंबत होतं. बाजूला पहार पडली होती. वैशाली अंगणात फरशीवर आडवी, अंगावर आक्कांचं वाळत घातलेलं लुगडं. आक्का तिचे गाल थोपटत होत्या. "वैशे, डोळं उघड. वैशे." मी न्हाणीघराकडे वळलो, तर त्या ओरडल्या, "आत जाऊ नगं! आदी सिलिंडर बंद कर!"

सिलिंडर बाहेरच होता. तो बंद केला, शेजाऱ्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. संध्याकाळी तिने मला नीट ओळखलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोंडलेल्या जागेत गिझर जळत राहिला की विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोप लागल्यासारखा खाली बसतो. अजून काही मिनिटं गेली असती तर, असं म्हणून ते थांबले.

"तुम्हाला कळलं कसं?" मी आक्कांना विचारलं.

"हाका बंद केल्यास, कान न्हाई बंद केलं," त्या म्हणाल्या. "पानी वाजत हुतं, तांब्या वाजंना."

मी रडायला लागलो. झरोका मी बुजवला होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. वैशाली घरी आल्यावर त्यांनी दत्ताला बोलावलं. "ह्याला भाईर काढ," एवढंच सांगितलं. तो अंगणाच्या बाजूच्या भिंतीवर गिझर बसवत होता तोवर त्या शेजारी उभ्या होत्या. पण वैशालीला न्हाणीघरात पाऊल टाकायची भीती बसली होती. तेव्हा आक्का स्वतः आत गेल्या, दार उघडं ठेवून, लुगड्यानिशी अंगावर कढत पाणी ओतून घेतलं आणि निथळत बाहेर आल्या. "बघ. हाय का काय? जा आता." वैशाली हसली आणि गेली.

दोन वर्षांनी आम्ही ताथवड्याला फ्लॅट घेतला. निघताना आक्कांनी वैशालीच्या हातात तांदळाची पिशवी ठेवली आणि पाठ फिरवून आत गेल्या. फाटकापर्यंत आल्या नाहीत.

गेल्या वर्षी त्या थोड्या आजाराने गेल्या. दहाव्याला गेलो, तेव्हा अंगणात दत्ता भेटला. म्हणाला, "तुम्हाला माहीत नसंल. वैनींचं ते झालं, त्या आठवड्यात आक्कांनी मला घेऊन सगळं गाव पालथं घातलं. मी जिथं जिथं गिझर आत बसवला हुता, त्या एकेका घरी. दारात मला गप उभं करायच्या आणि म्हणायच्या, 'आमच्या घरात चूक झाली, म्हनून सांगाया आले. तुमचा बी भाईर घ्या.' दोन ठिकाणी लोकांनी हाकललं. दुसऱ्या दिवशी परत गेल्या."

"माझं नाव सांगितलं?"

"न्हाई. तुमचं न्हाई आणि माझंबी न्हाई. चूक आमच्या घरात झाली, एवढंच."

आक्कांचा मुलगा आत भिंतीला टेकून बसला होता. त्याला ती हकिगत अर्धीच ठाऊक होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्या हिवाळ्यात कोणी काय केलं होतं, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.