पाण्याखालची फळी

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाय. बायकोलासुद्धा न्हाय. तुम्हाला का सांगतोय — मलाच ठाऊक न्हाय.

उचगावात माझं ताडपत्री शिवायचं दुकान हाय. नाद म्हणाल तर शर्यतीच्या होड्यांचा. शेजारची शबाना माझ्याकडंच होडी शिकली आणि दोन वर्षांत माझ्या फुडं गेली. राज्याच्या संघात जायचं म्हणून जीव तोडून राबत होती. वयाच्या अटीनं ते तिचं शेवटचं वर्ष.

वारा पाठीमागनं असताना लावायला मी एक मोठं शीड शिवलं. जुन्याच्या दीडपट. महिनाभर रक्त आटवलं त्याच्यावर! आणि झालं काय? मंद वाऱ्यात बरं चालायचं, पण वारा जरा वाढला की होडी आडवी. दोनदा मीच पाण्यात पडलो. असलं डोकं फिरलं! ह्या ताडपत्रीवाल्यानं शीड बनवलं, असं लोकांनी म्हणावं — एवढंच तर पायजे होतं मला.

हे पडणं मी शबानाला सांगितलं न्हाय. तिला धरणावर चाचणीला नेलं. सारख्या दोन होड्या. तिला नवं शीड, मला जुनं. आता — वारा पाठीमागनं असला की होडीच्या पोटातनं पाण्यात सोडलेली फळी वर ओढून घ्यायची असते, न्हायतर होडी जड जाते. पहिल्या आठवड्यात शिकवतो आम्ही हे. मी ती ओढली न्हाय. मुद्दाम. पाण्याखालचं कुणाला दिसतंय?

शबाना लांब फुडं गेली. खूश झाली. तरी म्हणाली, "काका, शिडं बदलून एकदा बघू की." तशी रीतच हाय. शिडं बदलल्याबिगर, शीड जिंकलं का माणूस, कळणार कसं? मी म्हणालो, वारा पडला, ऱ्हाऊ दे. वारा होता तसाच होता!

निवडीच्या दिवशी तिनं तेच नवं शीड लावलं, आणि वारा सुटला. शेवटच्या फेरीत होडी आडवी झाली, पोरगी पाण्यात. तिघांना घेणार होते, ती चौथी आली. काठावर सगळ्यांसमोर म्हणाली, शीड चांगलं हाय, मलाच झेपलं न्हाय. आणि मी — मी होकाराची मान हलवली. व्हय, हलवली!

ती परत कधी पाण्यावर गेली न्हाय. गेल्या महिन्यात भाचीला घेऊन दुकानात आली. म्हणाली, "काका, हिला नीट शिकवा. माझ्यासारखी कच्ची ठेवू नका."

मी बरं म्हणालो, आणि दोघींना चहा सांगितला.