ग्लेनिसने बोलावलेला माणूस

"येतो म्हणाला?" रेक्स डोरिटीने तोंडाजवळ नेलेला सॉसेज रोल पुन्हा बशीत ठेवला. "आयव्हर मासलेन? इथे, ऑल्बनीत?"

"शनिवारी अकरा वाजता," ग्लेनिस म्हणाली.

"मग मेळाव्याला मला धरू नकोस. आणि मी नाही म्हटल्यावर आणखी कोण कोण नाही म्हणेल, ते तुझं तूच बघ."

ग्लेनिस हार्टॉगला बघायची गरज नव्हती. 'कॅरवारा' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवरच्या जुन्या नौसैनिकांची यादी तिला तोंडपाठ होती. आता एक्केचाळीस जण उरले होते. ती स्वतः कधी त्या जहाजावर चढली नव्हती. तिचा नवरा क्लेम तिथे बिनतारी यंत्र सांभाळायचा आणि नोकरी सुटल्यावर दर दोन वर्षांनी सगळ्यांना एकत्र जमवायचा. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. त्याला पुरून परतताना कुणीतरी विचारलं, "आता मेळावा कोण घेणार?" सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"मी घेते," ती म्हणाली.

तेव्हापासून तिचे अर्धे दिवस फोनवर जायचे. कोणाला पायऱ्या चढवत नाहीत, कोणाच्या कानात यंत्र आहे, कोणाची बायको नुकतीच वारली, कोणाला बिअरपासून दूर बसवायचं, हे सगळं तिला ठाऊक असे. आयव्हरलाही ती दर मेळाव्याआधी फोन करायची. तो दर वेळी "नको, बाई" एवढंच म्हणून फोन ठेवायचा.

१९७३ साली भर समुद्रात कॅरवाराच्या बॉयलरखोलीत आग लागली. वरून हुकूम आला, खाली जायचं झाकण बंद करा. झाकणाशी उभा होता बावीस वर्षांचा आयव्हर. त्याने ते बंद करून कडी फिरवली. जहाज वाचलं. खाली नेव्हिल पिनॉक राहिला होता, एकोणीस वर्षांचा. चौकशीत आयव्हरवर ठपका आला नाही. पण नेव्हिलच्या वरच्या बंकवर झोपणाऱ्या रेक्सने त्याला माफ केलं नाही. "मी धावत येताना ओरडत होतो, एक जण खाली आहे म्हणून. त्याने ऐकलं होतं," असं तो शेहेचाळीस वर्षं सांगत आला होता.

त्यातून यंदा नेव्हिलची बहीण लॉरेल पहिल्यांदाच अॅडलेडहून येणार होती. ती येणार, हे ग्लेनिसने आयव्हरला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "मग यायलाच हवं." लॉरेलला मात्र आयव्हरबद्दल सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, ग्लेनिसने तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा विमानाच्या वेळा विचारून ठेवून दिला.

शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या. लॉरेल आली. कोट काढायच्या आतच जुन्या मंडळींनी तिला गराडा घातला. आणि दारातून, येणार नाही म्हणणारा रेक्सही आत आला.

"रेक्स, जरा ऐक," ग्लेनिस घाईने पुढे झाली.

"तू बाजूला हो गं." तो सरळ लॉरेलसमोर जाऊन उभा राहिला. "पोरी, तुला कोणी सांगितलंय का? तुझ्या भावावर झाकण ओढणारा माणूस आज इथे जेवायला येतोय."

लॉरेलने ग्लेनिसकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "सांगायची हिंमत झाली नाही. चूक माझी आहे."

लॉरेलने कोटाची बटणं पुन्हा लावायला घेतली. ती निघून जाते की काय या धास्तीने ग्लेनिस खिडकीकडे वळली, तर बाहेर गाड्यांच्या रांगेत एक जुनी पांढरी गाडी उभी होती. आत एक टकला माणूस स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. कधीचा बसला होता कोण जाणे.

ती धावत बाहेर गेली. वाऱ्याने तिला गाडीचं दार उघडवेना.

"आयव्हर?"

"मी परत जातो, बाई. दोनदा उतरलो, दोनदा बसलो."

"आत सगळ्यांना कळलंय. तिलाही. आता तुम्ही गेलात तर रेक्स म्हणतो तेच खरं होऊन बसेल. मी अकरा वर्षं तुम्हाला बोलावतेय. का, ते मलाही धड सांगता येत नाही. पण उतरा."

तो उतरला. तो दारातून आत आला तसे खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. रेक्ससह पाच जण उठून उभे राहिले होते. लॉरेल मात्र कोट घालून होती तिथेच उभी होती.

"तुम्ही मासलेन?"

"हो."

"मला एकच विचारायचंय. जहाजावरच्या पाद्रीसाहेबांनी आईला लिहिलं होतं की नेव्हिलला काही कळलंच नाही, क्षणात संपलं. खरं आहे का?"

ग्लेनिसला वाटलं, आता याने हो म्हणावं. नुसतं हो म्हणावं आणि आपण चहा ओतावा.

आयव्हर म्हणाला, "नाही. त्याने खालून ठोकलं. तीन-चारदा. कडी आधीच फिरवली होती मी. ठोकल्यावर उघडायला गेलो, तर पत्रा इतका तापला होता की..." त्याने दोन्ही तळवे वर केले. तिथली कातडी अजून आवळलेली, गुळगुळीत होती. "मग ठोकणं थांबलं. रेक्सचं ओरडणं मी त्यानंतर ऐकलं. आधी ऐकलं असतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही."

"खोटं बोलतोय लेकाचा!" रेक्स ओरडला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्याने टोपी उचलली आणि बाहेर पडला. त्याच्यामागे बाकीचे चौघेही गेले.

लॉरेल कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि तोंड झाकून रडली. कोणीच तिच्याजवळ जाईना. ग्लेनिस किटलीजवळ उभी राहून स्वतःला दोष देत होती: हिच्या आईने नव्वदीत मरेपर्यंत उराशी धरलेलं असेल ते पत्र आपण या बाईकडून हिसकावून घेतलं. बऱ्याच वेळाने लॉरेलने नाक पुसलं आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"इथे बसा," ती आयव्हरला म्हणाली. "आमच्या घरात त्या पत्रावर कोणाचाच विश्वास नव्हता. पण विचारायचं कोणाला? आता मला तो जहाजावर कसा होता ते सांगा. जेवायचा का नीट?"

"नीट? अहो, माझ्या ताटातलाही बटाटा पळवायचा," आयव्हर म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला.

दर मेळाव्यात चिठ्ठ्या विकून बक्षीस म्हणून मटणाचा ट्रे द्यायचा; त्या दिवशी ती सोडत काढायची राहूनच गेली.

पुढच्या मेळाव्याला त्या पाचांतले तिघे परत आले. रेक्स आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही. ग्लेनिस अजून त्याला फोन करते. तो टोमॅटोंना लागलेल्या किडीबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल बोलतो. गेल्या हिवाळ्यात मात्र फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "तळवे खरंच भाजलेत का गं त्याचे?"

"तू स्वतः येऊन बघ," ग्लेनिस म्हणाली.

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. तिने फोन ठेवला नाही.