वडिलांच्या यकृतातलं गुलाबी आवरण

माझी उमेदीची वर्षं एका जंताच्या अळीच्या बाहेरच्या आवरणाच्या अभ्यासात गेली. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा चपटा जंत. त्याचं अंडं कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात गेलं, की अळी यकृतात फुग्यासारखी वाढते आणि स्वतःभोवती पापुद्रे चढवत बसते. त्या पापुद्र्यांत एकही पेशी नसते. नुसती साखरेने लगडलेली प्रथिनं, आपल्या शेंबडाच्या नात्यातली. शरीर त्या साखरेशी भांडत राहतं आणि अळी आत निवांत असते. बिबवेवाडीत शेजाऱ्यांना मी "कॉलेजात शिकवते" एवढंच सांगते.

वडील लोणी काळभोरला शेती करतात. हरभऱ्याचा कोवळा पाला ते बांधावर बसून तसाच खातात. धुतला की पानांवरची आंबट आंब जाते असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि खरंच जाते. त्याच बांधावर गावची कुत्रीही बसतात, हे मी सांगून पाहिलं होतं.

"तुजं शिक्षान तुज्यापाशी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले होते.

गेल्या वर्षी त्यांच्या यकृतात गाठ निघाली, घट्ट, चुना धरलेली. कॅन्सरही असू शकतो, असं सर्जन म्हणाले. रक्ताची तपासणी काही सांगेना. शेवटी गाठ कापून तपासायला पाठवली.

तपासणाऱ्या डॉक्टरबाईंचा फोन आला. "अहो, जंताची डोकी, आकडे काहीच सापडत नाहीत. एक पापुद्रा तेवढा दिसतोय. आपण यावरच काम करता ना? बघून जा."

साखरेला गुलाबी करणारा रंग त्यांनी दिला होता. भिंगाखाली चिरोट्यासारखे पदर, गर्द गुलाबी, मध्ये एकही पेशी नाही. हे मी एरवी रोज बघते. त्या दिवशी रडू कोसळलं. बाईंनी सूक्ष्मदर्शक बाजूला सरकवला, महागाचा होता.

तशीच वॉर्डात गेले. "कॅन्सर नाही. जंत आहे, आणि तोही केव्हाच मेलाय."

आईने हात जोडले, देवाला की जंताला, ते विचारलं नाही.

"तू पुण्यात जंत हुडकत बसलीस," वडील म्हणाले, "आन् मी हितं पाळला." मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी चादर डोक्यावरून ओढली. चादरीखाली खांदे हलत होते.

"तुमाला थंडी वाजतीया का?" आईने विचारलं.

"हाय थोडी."

मे महिना होता. मी पंखा बंद केला.