दसऱ्याची वसुली

दसऱ्याची संध्याकाळ, थकबाकी अठराशे पन्नास. हजर: माझे डॉक्टर पती, दवाखान्याचा हिशेब पाहणारी मी, दोन वर्षं बिल थकवणारे नानासाहेब आणि त्यांच्या मुलीचे सासरे.

नानासाहेबांनी आपट्याची पानं पुढे केली. “सोनं घ्या, वहिनी!”

“पानं राहू द्या. न्यूमोनियाचे अठराशे पन्नास द्या.”

यांनी मान खाली घातली. मी घातली नाही. ताप उतरला की माणूस डॉक्टरला विसरतो; अशांना आठवण एकट्यात करून देऊ नये. मी साक्षीदाराचीच वाट पाहत होते.

नानासाहेब खिसे चाचपत हसले. “पाकीट घरी राहिलं.”

व्याह्यांनी स्वतःच्या पाकिटातून अठराशे पन्नास माझ्या हातावर मोजले. डॉक्टरचं देणं बुडवता येतं. मुलीच्या सासऱ्याचं बुडवून दाखवा, नानासाहेब!