घमेल्याखालचा देव

देवावर विश्वास आहे का, असं त्या दिवसाआधी मला कुणी विचारलं असतं, तर सवय आहे, एवढंच उत्तर मी दिलं असतं. आम्हा लिंगायतांच्या घरात मूल जन्मलं की स्वामी त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीच्या लहानशा डबीत बोराएवढं काळं लिंग. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी वाहायचं, मगच तोंडात घास घालायचा. ते अंगावरून उतरवायचं नाही, आणि माणूस गेला की तेच त्याच्या तळहातावर ठेवून त्याला पुरतात. चोपन्न वर्षं मी हे बिनचूक केलं, पण पूजा करताना माझा एक डोळा घड्याळावर असायचा.

सायकल आली ती रक्तातल्या साखरेमुळे. लातूरच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मी म्हटलं, नुसतं चालण्यापेक्षा कामावरच सायकलनं जातो. गावापासून उदगीरची डाळ मिल अकरा किलोमीटर. तिथं मी काट्यावर वजनं करतो. पहिले दोन-तीन महिने सुखाचे गेले. मग मला वेळ मोजायचा नाद लागला. आज एक मिनिट कमी, उद्या आणखी एक. मान खाली घालून पायडल मारायचं, कुणी हात केला तरी थांबायचं नाही. आमच्या फाट्यावर पंक्चर काढणारे चाचा रोज हाक मारायचे, "अप्पा, मागचं चाक डगमग करून राहिलं, दाखवा की जरा." कधी तांब्या पुढं करायचे. मी तहान नाही म्हणून निघून जायचो. तहान असायची. त्यांच्या माठातलं पाणी मला नको असायचं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

वेग वाढला तशी डबी छातीवर आपटायला लागली. मी ती गळ्यातून काढून डब्याच्या पिशवीत ठेवू लागलो आणि पिशवी हँडलला अडकवू लागलो. मिलच्या फाटकाशी पोचलं की परत गळ्यात. बायकोच्या हे लक्षात आलं तेव्हा ती म्हणाली, "देव काय भाकरीसंगं बांधून न्यायचा असतोय व्हय?" मी म्हटलं, पाऊण तासाचा तर प्रश्न आहे.

शिवरात्र होऊन आठवडा झाला होता. तुरीचा हंगाम होता, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, म्हणून मी पिशवी खुंटीला टांगून सरळ काट्यावर जाऊन बसलो. दुपारी जेवायला हात धुतले, सवयीनं छातीवर हात नेला आणि सकाळचं आठवलं. पिशवी उलटी केली. भाकरीचा डबा निघाला, चष्म्याचं घर निघालं, डबी नव्हती. पिशवीच्या तळाची शिवण उसवली होती.

लिंग हरवलं तर ते सापडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, असं आमच्यात मानतात. नाहीच मिळालं तर स्वामी दुसरं देतात. तशी सोय आहे. सवयीच्या माणसाला ही सोय पुरायला हवी होती. पण मला दुसरं नको होतं. जन्मल्यापासून जे छातीशी होतं ते कुठंतरी डांबरावर पडलंय आणि मला मातीत एकट्यानं जावं लागणार, हे मनात आलं आणि जेवणाचा डबा मी परत बंद केला. सकाळी साखर उतरवणारी गोळी घेतली होती. उपाशी राहिलो तर काय होतं ते मला माहीत होतं. तरी सुट्टी मागितली आणि सायकल हातात धरून, रस्त्याची कडा बघत गावाकडं चालू लागलो.

वर्षभर मी त्या रस्त्यानं जात होतो, पण रस्ता मी त्या दिवशी पाहिला. ज्याला त्याला विचारत होतो. शेळ्या चारणाऱ्या एका बाईनं मला वरखाली न्याहाळलं. "तुमीच का ते, मान खाली घालून पळणारे?" म्हणाली. मग शेळ्या सोडून काठीनं गवत उलटंपालटं करत बरंच अंतर माझ्यासोबत चालत आली. तिला काही सापडलं नाही. "मिळंल बगा," एवढं बोलून मागं फिरली.

चारच्या सुमाराला हातापायांना कापरं सुटलं, घाम फुटला. डोळ्यांसमोर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन दिसायला लागले. तेव्हा मी मनात म्हणालो, मला नाही सापडत. तुझं तू बघ. ही प्रार्थना होती की वैताग होता, अजून सांगता येत नाही.

फाटा आला. चाचा दुकानाच्या सावलीत नव्हते. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात स्टूल टाकून बसले होते. शेजारी, ट्यूब बुडवून बघायचं त्यांचं घमेलं पालथं घातलेलं होतं आणि त्यावर दगड ठेवला होता. मला पाहून उठले.

"अप्पा, सकाळी किती आवाज दिला. तुम्ही नुसता हात हलवून गेले."

सकाळी मला वाटलं होतं, चाकाचंच सांगतायत. त्यांनी दगड काढला, घमेलं उचललं. खाली मातीत डबी होती.

"गतिरोधकावरून पडलं," चाचा म्हणाले. "माझे हात ग्रीसचे. आन् तुमचं देव हाय, मी कसा हात लावू? शेजारी तुमच्यातलेच राहतेत, मला म्हाईत हाय सगळं. गाड्या तर कडेनं जातेत. म्हणून झाकून बसलो."

घमेलं नाही म्हणून दिवसभर आलेली पंक्चरं त्यांनी परत पाठवली होती. नुसती हवा भरून देत होते. नमाजाला गेले तेवढा वेळ चहावाल्याला स्टुलावर बसवून गेले होते.

मी डबी उचलली आणि खालीच बसलो. रडलो, हे सांगायला हरकत नाही. चाचांनी माझी दशा पाहिली आणि साखर आणायला वळले. मी म्हटलं, "आधी पूजा. पाणी द्या." ते तांब्या भरून घेऊन आले. "माझ्या माठातलं हाय, अप्पा." मी ओंजळ पुढं केली. त्या पाण्यानं हात धुतले, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि तेच पाणी वाहिलं. भस्म नव्हतं, बेल नव्हता, घड्याळाची आठवणही नव्हती. मग उरलेलं पाणी प्यालो, चाचांनी दिलेली साखर खाल्ली. आतापर्यंतच्या सगळ्या पूजांमधली तेवढी एक मला पूर्ण आठवते.

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "काखेत कळसा आन् गावाला वळसा." थोड्या वेळानं म्हणाली, "देवाला तरी सावली मिळाली. तो माणूस मात्र दिवसभर उन्हात बसला." आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी धपाटे बांधून दिले.

हा चमत्कार होता का, या फंदात मी पडत नाही. उसवलेली शिवण माझी होती, गतिरोधक सरकारचा. पण ते नेमकं त्या माणसासमोर पडलं, याबद्दल मी रोज हात जोडतो. मी ज्याला हँडलला टांगलं होतं, त्याला हात लावायचाही त्यांना संकोच वाटला होता.

आता लिंग गळ्यातच असतं. ते छातीवर उडायला लागलं की वेग जास्त झाला असं समजतो आणि पाय सैल सोडतो. मिलवर पोचायला किती वेळ लागतो ते मोजत नाही. मागचं चाक चाचांनी सरळ करून दिलंय. तरी फाट्यावर मी रोज उतरतो आणि तांब्या मागून घेतो.