दिलेलं उघडून बघायचं नाही

"सरपण फोडायच्या हातांना हे कशाला द्यायचं?" शेठ म्हणाले.

मी त्यांच्या ओटीच्या पायरीपाशी उभी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कॉम्प्युटरचा डबा. लाकडाची मोळी आणतात तसा. सापगावच्या पुढे आमचा पाडा, तिथून शेठच्या घरापर्यंत तो तसाच आणला होता. ओटीवर पाहुणे चहा पीत होते. ते हसले.

मी म्हणाले, "शेठ, मोडला नाय. चालू व्हतो. फक्त इंटरनेटचं पान उघडत नाय. ब्राउझर जुना झालाय म्हणतो."

"आमच्याकडं व्हता तवर चालत व्हता. पाड्यावर गेला नि बंद पडला. मग बिघडवला कोनी?"

माझ्या मागे माझी धाकटी बहीण वनी उभी होती. बारावी पास झालेली. तिला नर्सिंगच्या प्रवेशाची नोंदणी करायची होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. फोनवर ते पान अर्धंच उघडायचं, खालचं बटण दिसायचंच नाही. म्हणून मी लाज गिळली.

"एकदा तुमच्या लॅपटॉपवर भरू द्या. आमी इथं खालीच बसतो."

"नको. तो बी बिघडवाल."

मी डबा परत डोक्यावर घेतला. वनीने एका बाजूने हात लावला. मी मोठी, पण वाटभर मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तो कॉम्प्युटर आमच्याकडे आला होता दिवाळीत. दिवाळीच्या साफसफाईत मोठ्या घरांतून जे निघतं ते पाड्यावर येतं. उसवलेल्या साड्या, कान तुटलेली भांडी, मऊ पडलेला फराळ. आणि त्याची एक रीत आहे. दिलेलं देणाऱ्यासमोर उघडून बघायचं नाही. आईने लहानपणीच शिकवलं होतं. पदर धर, कपाळाला लाव, चालू लाग. घरी आल्यावर गाठोडं सोडायचं आणि मग कळायचं की साडी मधोमध फाटलेली आहे. पण परत जाऊन बोलायची सोय नाही. देणाऱ्याचं पुण्य तेव्हाच जमा झालेलं असतं.

कॉम्प्युटरचंही तसंच झालं. समाजमंदिरात फोटो काढला. शेठच्या गळ्यात हार, कॉम्प्युटरच्याही गळ्यात हार. आम्ही टाळ्या वाजवल्या. एकदा चालू करून दाखवा असं एकाच्याही तोंडातून निघालं नाही. मीसुद्धा बोलले नाही, आणि मी तर मुरबाडच्या कंपनीत पॅकिंगला जाते, चार लोकांत वावरते. पण रीत ती रीत.

दिवाळीपासून पोरं त्यावर चित्रं काढत, नावं टाइप करत. ब्राउझर उघडायची वेळच आली नव्हती. वनी मात्र रोज त्याला ओल्या फडक्याने पुसायची. म्हणायची, "ताय, माझी नोंदनी मी इथंच करनार. शहापूरला कशाला जायाचा?"

ओटीवरून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर खाडा केला. वनीला सकाळीच शहापूरला पाठवलं, इंटरनेटच्या दुकानात. आणि मी कॉम्प्युटरपुढे बसले. मला नोंदणीचं होतंच, पण खरं सांगते, मला हेही बघायचं होतं की तो माझ्या हातांनी बिघडला का.

फोनवर ब्राउझर शोधायचा, उतरवायचा, वायरने कॉम्प्युटरमध्ये टाकायचा. पहिला म्हणाला, हे मशीन फार जुनं आहे. दुसरा सुरू झाला, पण पान कोरं. तिसऱ्याने सांगितलं की या कॉम्प्युटरसाठी नवं काही येणं केव्हाच बंद झालंय. केव्हाच. म्हणजे शेठने हार घालून दिला तेव्हाही तो बाद झालेलाच होता. ते वाचून मी एकटीच रडले. राग नंतर आला, आधी रडूच आलं.

मग एका ठिकाणी वाचलं की काही माणसं असल्या जुन्या मशीनसाठी हौसेनं ब्राउझर बनवतात. कुठली माणसं, देव जाणे. त्यांचा तो ब्राउझर टाकला. पान हळूहळू उघडलं, वरपासून खालपर्यंत. बटण दिसलं.

तेवढ्यात वनी आली, दिवस मावळायला आला होता. दुकानात मोठी रांग होती, मग लाइट गेली ती आलीच नाही, म्हणून पोरगी तशीच परतली. मी तिला खुर्चीवर बसवलं. तिने बटण दाबलं.

नोंदणीची मुदत संपली आहे.

तिने बटण परत दाबलं, पडद्यावर तेच आलं. मग म्हणाली, "म्हंजी आपन बिघडवला नव्हता?"

"नाय गो."

"मंग ते तसे का बोलले?"

मी उठून कॉम्प्युटर बंद केला.

आता वनी माझ्याबरोबर जीपने मुरबाडला येते. एकाच टेबलावर आम्ही खोके भरतो. तिचा हात चपळ आहे, सुपरवायझर कौतुक करतो. ते कौतुक ऐकलं की मी तिच्या हातांकडे बघते. हे हात सुई टोचायला, नाडी बघायला होते.

यंदाच्या दिवाळीत शेठने बोलावणं धाडलं. पाड्याच्या पोरांसाठी लॅपटॉप, त्यांचाच जुना. तोच, ज्याला आम्ही हात लावायचा नव्हता. हार तयार, फोटोवाला तयार. आईने सवयीने पदर पुढे केला. मी तिचा हात खाली घेतला.

"शेठ, आधी चालू करा. नर्सिंगचं पान उघडून दाखवा. मग नेतो."

"विश्वास नाय काय?"

"नाय."

शेठने लॅपटॉप उचलला आणि आत नेला. पाड्यावरची माणसं माझ्यावर चिडली. परतताना आई रडत म्हणाली, "पोरांच्या तोंडचा घालवलास गो."

घालवला असेन. त्या पोरांसाठी मला वाईट वाटतं, अजून वाटतं. पण पदर धरून, कपाळाला लावून, घरी येऊन फाटकं बघायचं, हे माझ्यापाशी संपलं. पुढच्या वर्षी वनीची नोंदणी पहिल्याच दिवशी होईल. शहापूरच्या रांगेत मी तिच्याबरोबर उभी असेन, खाडा पडला तरी. आणि कोणी काही दिलं तर त्याच्याच ओटीवर, त्याच्या डोळ्यांदेखत उघडून बघेन. चालत नसेल तर तिथंच ठेवून येईन.