ए म्हणजे अंमळ पुढे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. रविवारची दुपार होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून माझी बायको परातीपुढे बसली, मी समोर. बोटं चालू होती आणि मी विचारत होतो.

"ओळ उडवायची?"

"डी डी. दूर दूर."

"नवी ओळ?"

"ओ. ओळ."

"चुकलं?"

"यू. उलट. अहो, सालं परातीत नका टाकू."

हे कसलं बोलणं ते आधी सांगतो. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. ती तळोज्याला रंगाच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. त्या वर्षी तिथं टायपरायटर काढले आणि कॉम्प्युटर आणले. आताचे नव्हेत. काळा पडदा, हिरवी अक्षरं, उंदीर नाही की चित्र नाही. मजकूर लिहायचा त्याच कळांनी आणि मशीनला हुकूम सोडायचा तोही त्याच कळांनी. आय दाबलं की मशीन लिहायला लागतं, मग ते काही ऐकत नाही. कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबली की ऐकायला लागतं, मग लिहीत नाही. हे तिनं मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि वर म्हणाली, "तुमच्यासारखंच आहे. बोलत असलं की ऐकत नाही. फक्त त्याला एस्केप आहे."

टायपिस्ट तिघी, कॉम्प्युटर दोन. वाल सोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, साहेब परीक्षा घेणार होता. जी मागं पडेल तिला पॅकिंगला पाठवणार होते.

पॅकिंग म्हणजे रंगाची पावडर गोणीत भरायची. तिथल्या बायका थुंकल्या तरी पिवळं पडायचं. माझ्या बायकोनं टायपिंगची जागा मिळायच्या आधी तिथंच दिवस काढले होते. दमा तिथलाच. डॉक्टरनं बजावलं होतं, आता परत धुळीत गेलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. मी म्हटलं, सोड नोकरी. तर म्हणाली, "आणि खायचं काय? तुमचा कोंडा?" मी भाताच्या गिरणीत होतो. सगळा जन्म कोंडा नाकातोंडात गेला, आणि मला साधा खोकला नाही. आजही नाही. हे कुठलं गणित, मला कुणी सांगावं.

तर तिला ते हुकूम पाठ होईनात. ती मॅट्रिक झालेली, मी चौथी. मला ए बी सी डी आली ती गोण्यांवरचे छाप वाचून. मी म्हटलं, इंग्रजी अक्षर आहे तर असू दे, त्याला मराठी शब्द बांध. बैलाला दावं बांधतो तसा. मग आम्ही बसून बांधले. आय म्हणजे इथं. ओ म्हणजे ओळ. यू म्हणजे उलट, केलेलं उलटवायचं. एक्सनं एकच अक्षर जातं, ती फुली. डी दोनदा, दूर दूर. पी म्हणजे परत, दूर केलेलं परत ठेवायचं.

त्यात घोटाळे झाले. ए म्हणजे आम्ही ठरवलं अलीकडे. झकास बसलं. ती कारखान्यात गेली, ए दाबलं, आणि शब्द जाऊन पडला अक्षराच्या पलीकडे. आठवडाभर तिची सगळी पत्रं तशीच बिघडली. घरी येऊन माझ्यावरच चिडली. मग तिनंच शोधलं, ए म्हणजे अंमळ पुढे. ते बरोबर निघालं. आमच्या घरात अंमळ हा शब्द त्याआधी कुणी वापरला नव्हता, तो तिच्या आईचा. नंतर सगळंच अंमळ झालं. भाताला अंमळ मीठ, अंमळ सरका.

दुसरा घोटाळा वाईट. चुकून ओळ उडाली तेव्हा तिनं पी मारला. परत हवी ना, मग परत. ओळ परत आली, पण एक घर खाली. दोन ओळींची अदलाबदल झाली आणि एका गिऱ्हाइकाचा रंग दुसऱ्याच्या नावावर गेला. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. मराठीत परत आणि उलट यांत फार फरक करत नाही आपण. त्या मशीनला होता.

तिघींतली एक हाताला फार चपळ, तिची जागा पक्की. दुसरी जागा माझ्या बायकोची नाहीतर कोन गावच्या एका मुलीची. मुलगी नवीन लग्न झालेली, बसमध्ये हिच्या शेजारी बसायची. मला कळलं की ही बसमध्ये तिला आपले शब्द शिकवते. मी त्या रविवारीच हिला बोललो, डोकं फिरलंय का तुझं, तिला शिकवलंस तर तू जाशील पॅकिंगला. ती वाल सोलतच म्हणाली, "तिला अजून दमा नाही."

एवढंच. मग तिनं वालाचं बिरडं केलं. गूळ अंमळ जास्त झाला होता.

पहाटे तिला दम लागला. मी रिक्षा आणायला धावलो, घेऊन आलो तेव्हा शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरून कळलं. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

सकाळी खाली कंपनीची बस आली आणि हॉर्न वाजवायला लागली. त्यांना कोण सांगणार? घरात बायका जमल्या होत्या, ती जमिनीवर होती. मी तसाच लुंगीवर खाली उतरलो.

खिडकीतून कोनची मुलगी म्हणाली, "दादा, ताईला लवकर पाठवा ना. तिला एक विचारायचं हाय."

"ती गेली."

"रिक्षानं गेली? आमाला सोडून?"

"गेली म्हणजे गेली. पहाटे."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बायका एकेक करून खाली उतरल्या आणि जिना चढून वर गेल्या. ही मुलगी सगळ्यांच्या मागं राहिली. पदर तोंडात धरून बसच्या पायरीवरच बसली. वर यायचं धाडस होईना तिला. का होईना ते मलाही कळत होतं आणि तिलाही. तिघींतली एक गेली, जागा दोन होत्या.

बायका दर्शन घेऊन उतरल्या. मुलगी म्हणाली, "मी नाय जात आज."

मी म्हटलं, "बस गाडीत."

"मला नको ती जागा, दादा."

"तुला नको तर कुणाला देऊ? पॅकिंगमध्ये जाऊन खोकत बसायचंय? एक मेली तेवढी पुरे." जरा मोठ्यानं बोललो असेन, ड्रायव्हरनं मान फिरवली. मग विचारलं, "काय विचारायचं होतं तिला?"

ती रडत रडतच म्हणाली, "लिवलेलं सगळं बिघडलं, ठेवायचं नाय, तर भायेर कसं पडायचं?"

ते मला येत होतं. म्हटलं, "आधी एस्केप. मग उभी दोन टिंबं, क्यू, आणि काठीखाली टिंब. मग एंटर. म्हण."

तिनं म्हटलं. काठी विसरली. मी पुन्हा म्हणायला लावलं. मग ती गाडीत चढली, बाकीच्या चढल्या, बस गेली. मी नाक्यावरच्या बूथवर गेलो आणि आमच्या लेकीच्या सासरी फोन लावला.